चाळिसाच्या आतला उष्माघात : शिरोलीतील एका फौंड्रीचे प्रकरण

उष्माघाताचे नाव निघाले की कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर चंद्रपूर, अकोला किंवा नागपूर येते. आपल्याकडे पंचगंगा आहे, चहूकडे उसाची हिरवळ आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत कधीतरी वळीव येऊन हवा मोकळी करून जातो, असा इथला अनुभव आहे. समुद्रसपाटीपासून साधारण पावणेसहाशे मीटर उंचीवरच्या या शहरात उन्हाळ्यातले कमाल तापमान बहुतेक दिवशी चाळिसाच्या आतच राहते. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस झाल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचारच होत नाही. त्यानंतर ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असावे लागते किंवा थेट ४५ अंशांवर पोहोचावे लागते. त्यामुळे विदर्भात इशारे निघत असताना कोल्हापुरात ते क्वचितच निघतात. पुढे दिलेले प्रकरण अशाच एका दिवशी घडले, ज्या दिवसासाठी कोणताही इशारा नव्हता आणि वेधशाळेच्या नोंदीनुसार तो एक नेहमीचा उन्हाळी दिवस होता.

संबंधित कारखान्याचे आणि व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत.

शिरोली औद्योगिक वसाहतीतील ही एक मध्यम आकाराची फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यांत ओतण्याचा कारखाना, आहे. कोल्हापूरचा ओतकाम उद्योग शिवाजी उद्यमनगरातल्या ऑइल इंजिनांच्या आणि दुरुस्तीच्या कामांतून वाढत शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पट्ट्यात पसरला. आज मोटारी, ट्रॅक्टर आणि पंप यांचे सुटे भाग येथून देशभर जातात. या फौंड्रीत दोन इंडक्शन भट्ट्या आहेत, मोल्डिंगची एक अर्धस्वयंचलित लाइन आहे, आणि पोअरिंग अजूनही माणसांच्या हाताने होते. वितळलेले लोखंड साधारण १,३५० ते १,४५० अंश तापमानाला लॅडलमध्ये, म्हणजे ओतण्याच्या पात्रात, घेतले जाते आणि दोघे-तिघे कामगार ते साच्यांत ओततात. शेडवर सिमेंटचे आणि काही भागात लोखंडी पत्रे आहेत. पोअरिंगच्या वेळी मोठे पंखे बंद ठेवण्याचा येथे रिवाज आहे, कारण त्यांच्या झोताने वाळूचे कण उघड्या साच्यात पडून कास्टिंग (ओतून तयार होणारा भाग) खराब होते.

प्रकरणाचा केंद्रबिंदू असलेला कामगार २२ वर्षांचा, गगनबावडा तालुक्यातला. घरची शेती डोंगरउताराची. ठेकेदारामार्फत तो कामावर लागून जेमतेम चार दिवस झाले होते. त्याला सुरुवातीला फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याच्या कामाला लावले होते. तो जोतिबाच्या चैत्र यात्रेचा आठवडा होता, आणि पोअरिंगवरचे अनुभवी कामगार सासनकाठ्यांबरोबर डोंगरावर गेले होते. माणसे कमी पडल्याने चौथ्या दिवशी या मुलाला थेट लॅडलवर घेतले गेले. अंगात जाड सुती शर्ट, त्यावर चामड्याचा एप्रन, पायांना चामड्याचे गेटर, डोक्यावर हेल्मेट आणि तोंडासमोर काच. ठिणग्यांपासून वाचवणारा हाच पोशाख घामाला सुकू देत नाही, आणि शरीर थंड राहण्याचा मुख्य मार्ग घाम सुकणे हाच आहे.

आदल्या संध्याकाळी वळीव झाला होता. वळवानंतरची रात्र सुखद असली, तरी दुसऱ्या दिवशी ऊन चढले की ओली जमीन आणि भिजलेली उसाची राने यांतली वाफ हवेत मिसळते आणि दुपार चिकट होते. तापमापकाचा पारा अशा दिवशी एक-दोन अंशांनी खालीच असतो, म्हणून माणसे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात अंगावरचा घाम निथळतो, सुकत नाही, आणि निथळून जमिनीवर पडलेला घाम शरीराची उष्णता सोबत नेत नाही. हवा जितकी तापते तितकी ती अधिक बाष्प धरून ठेवू शकते. दर अंशामागे हे प्रमाण साधारण सात टक्क्यांनी वाढते. तापत्या हवामानात कोल्हापूरसारख्या पाणथळ, बागायती भागाला कोरड्या लाटेपेक्षा या दमट उष्म्याचा धोका अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारी तीनच्या सुमारास मुलगा अडखळू लागला. त्याने भट्टीवरच्या ज्येष्ठ कामगाराला, ज्यांना सगळे मामा म्हणतात, सांगितले, "मामा, डोस्कं गरगराय लागलंय." मामांनी त्याला बाजूला बसवून पाणी दिले. पंधरा-वीस मिनिटांनी तो आपणहून उठला आणि पुन्हा लॅडलकडे गेला. त्या दिवशीचा हिशेब ओतलेल्या टनांवर होता, आणि एक माणूस बसला की बाकीच्या दोघांचाही रोज बुडत होता. थोड्याच वेळात तो असंबद्ध बोलू लागला, सुपरवायझरने विचारलेल्या प्रश्नाला चिडून भलतेच उत्तर दिले आणि तोल जाऊन वाळूच्या ढिगावर बसला. सुपरवायझरची पहिली समजूत अशी झाली की पोरगा पिऊन आला आहे. ठेकेदाराने घाम पाहून सांगितले की घाम येतोय म्हणजे ऊन लागलेले नाही, जरा झोपू द्या.

या दोन्ही समजुती अगदी सर्वत्र आढळतात आणि दोन्ही जीवघेण्या आहेत. घरात बसलेल्या वृद्धाला होणाऱ्या उष्माघातात त्वचा बहुधा कोरडी पडते. परंतु श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो. बरळणे, चिडणे, तोल जाणे, साधा प्रश्न न कळणे ही मेंदू तापल्याची चिन्हे आहेत. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर आणि जोडीला मेंदूच्या कामात बिघाड, अशी उष्माघाताची वैद्यकीय व्याख्या आहे. शेडमध्ये आतले तापमान मोजण्याचे साधन नसते. त्यामुळे उष्ण जागी कष्ट करणारा माणूस अचानक वेगळा वागू लागला तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो उष्माघातच समजायचा, हा नियम सुपरवायझरच्या अंगवळणी पडला पाहिजे.

येथे एका माणसामुळे प्रकरणाला वळण लागले. देखभाल विभागातल्या एका फिटरने पूर्वीच्या नोकरीत प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले होते. ठेकेदाराने व्हॅन दारात आणून मुलाला उचलायला सांगितले, तेव्हा हा फिटर आडवा आला. आधी गार करायचे, मग न्यायचे, एवढेच तो परत परत सांगत राहिला. वाद झाला, कारण दवाखाना गाठण्याची घाई करणे हीच जबाबदारी, असे उरलेल्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. फिटरने मुलाचा एप्रन, गेटर आणि शर्ट काढले, शेडबाहेर झाडाच्या सावलीत ताडपत्री अंथरली, त्यावर त्याला ठेवले आणि चौघांना चार कोपरे उचलून धरायला लावून ताडपत्रीची झोळी केली. झाडांना पाणी घालायची नळी त्यात सोडली. बर्फ कोठून आणायचा हा प्रश्न फाटकाबाहेरच्या रसवंतीने सोडवला. तिथली पोत्यात गुंडाळलेली लादी फोडून तिचे तुकडे झोळीत टाकले गेले. चौघेजण झोळी हळूहळू हलवत राहिले, म्हणजे अंगालगतचे गरम झालेले पाणी बाजूला सरून गार पाणी अंगाला लागत राहिले. मुलाच्या तोंडात मात्र कोणी काही घातले नाही, आणि हे योग्यच झाले. शुद्ध पूर्ण नसताना पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते.

श्रमजन्य उष्माघातात वाचण्याची शक्यता मुख्यतः एकाच गोष्टीवर अवलंबून असते : आतले तापमान किती वेळ चढलेले राहिले. पहिल्या अर्ध्या तासात ते ३९ अंशांच्या खाली आणता आले तर बहुतेक रुग्ण वाचतात, आणि त्यासाठी थंड पाण्यात बुडवून ठेवण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही. शिरोलीहून शहरातले रुग्णालय लांब नाही. पण महामार्गावरची दुपारची वाहतूक, दाखल करताना लागणारा वेळ आणि तपासणी हे सगळे धरले तर तो अर्धा तास तापलेल्या बंद व्हॅनमध्येच संपला असता. तापावर देतात ती पॅरासिटामॉलची गोळी येथे निरुपयोगी आहे, कारण हा ताप जंतुसंसर्गाचा नसून साठलेल्या उष्णतेचा असतो.

साधारण वीस मिनिटांनी मुलाने आपले नाव नीट सांगितले आणि त्याला कुडकुडी भरली. मग त्याला रुग्णवाहिकेने नेण्यात आले. रुग्णालयात पोहोचला तेव्हा त्याचे तापमान ३९ अंशांच्या थोडे खाली होते. केवळ हा आकडा पाहून कोणी हा किरकोळ त्रास समजला असता; परंतु सोबत गेलेल्या फिटरने आधी काय घडले आणि कसे गार केले ते क्रमाने सांगितल्यामुळे डॉक्टरांनी उष्माघात गृहीत धरूनच उपचार केले. लघवी काळपट चहासारखी होती. अतिश्रम आणि उष्णतेने स्नायू विरघळू लागले होते आणि त्यांतले घटक मूत्रपिंडात अडकत होते. पुढचे काही दिवस सलाइन, रक्ताच्या रोजच्या तपासण्या आणि यकृतावर नजर, असे चालले. यकृतावरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठळक होतो, त्यामुळे बरे वाटते म्हणून पहिल्याच दिवशी घरी पाठवणे अशा रुग्णाला घातक ठरू शकते. डायलिसिसची वेळ आली नाही. मुलगा वाचला.

कारणे शोधताना

मालकाने या घटनेनंतर पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्याच शेडमध्ये पन्नाशीचे मामा वीस-पंचवीस वर्षे काम करतात, मग बावीस वर्षांचा धडधाकट पोरगा कसा पडला? या प्रश्नाच्या उत्तरात संपूर्ण प्रकरण सामावलेले आहे.

उष्णतेची सवय ही मनाची गोष्ट नसून शरीरात घडणारा बदल आहे. उष्ण जागी रोज काम करू लागल्यावर एक ते दोन आठवड्यांत रक्तातले द्रव वाढते, घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्यातून जाणारे मीठ कमी होते आणि तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. उष्ण कामाची मर्यादा ठरवणाऱ्या आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकात जड कामासाठी सवय झालेल्या माणसाची संदर्भमर्यादा २६ अंश आहे आणि सवय नसलेल्याची २३. हे अंश साध्या तापमापकाचे नाहीत. ओल्या फडक्याच्या तापमापकाचे ०.७ आणि काळ्या गोलातल्या तापमापकाचे ०.३ असे वजन धरून शेडमधला हा निर्देशांक काढतात, म्हणजे त्यात दमटपणाही येतो आणि भट्टीची धगही येते. गगनबावड्याच्या गार हवेतून आलेल्या, चौथ्याच दिवशी लॅडल धरलेल्या मुलासाठी त्या दिवशीची शेड मामांच्या शेडपेक्षा तीन अंशांनी अधिक तापलेली होती, असे समजले तर मालकाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची, म्हणजे नायॉशची शिफारस अशी आहे की नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उष्ण कामाचा पाचवा हिस्साच द्यावा आणि रोज तितकाच वाढवत न्यावा. सुट्टीवरून परतलेल्या जुन्या कामगारालाही हा विचार लागू होतो, कारण आठवड्याभराच्या खंडानंतर कमावलेली सवय बरीच उतरते. कोल्हापुरात यात्रा, लग्नसराई आणि शेतीची मशागत हे सगळे नेमके चैत्र-वैशाखात येते. नवी माणसे घ्यावी लागतात ती याच दिवसांत, आणि जुनी माणसे खंड पडून परततात तीही याच दिवसांत.

दुसरे कारण शेडच्या बाहेरचे होते. मुलगा नागाव फाट्याजवळ पत्र्याच्या खोलीत आणखी तिघांबरोबर राहत होता. दिवसभर तापलेली भिंत आणि फरशी मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते, खिडकी एकच, आणि डासांमुळे तीही बंद. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री निवण्याची संधी मिळाली नाही तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच तुटीने होते. सकाळी चहा-बटरवर निघणे आणि दुपारी भूक मेल्यामुळे डबा अर्धा परत नेणे हेही त्यात होतेच.

पाण्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. शेडमध्ये पाणी होते. ते लॅडलपासून लांब होते, कोमट होते, आणि हातमोजे काढून तिथवर जाऊन येण्यात साचा थंड होण्याची भीती होती. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १८ नुसार उन्हाळ्यात पाणी गार करून देण्याची सक्ती अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना होती. लघुउद्योगांतले बहुसंख्य कामगार ज्या आकाराच्या शेडमध्ये राबतात, तिला ही सक्ती लागूच होत नव्हती. शरीराला मात्र कामगारसंख्या कळत नाही.

ज्यांना हे सारे भट्टीपुरते वाटते त्यांनी १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला काय झाले ते आठवावे. महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर तासन्‌तास बसलेल्या माणसांपैकी दहाहून अधिक जण दगावले, आणि त्या दिवशीही परिसरातले तापमान चाळिसाच्या आतच नोंदले गेले होते. तिथे भट्टी नव्हती. डोक्यावर सावली नव्हती आणि किनारपट्टीची दमट हवा होती.

त्यानंतर काय बदलले

पहिला बदल बिनखर्चाचा होता. मे महिन्यात हीटच्या, म्हणजे एकेका वितळणीच्या, वेळा हलवून पोअरिंग पहाटे आणि सायंकाळनंतर आणले. नव्या माणसाच्या हजेरीपत्रकावर पहिले दहा दिवस वेगळी खूण करायची आणि त्या काळात त्याला लॅडलवर घ्यायचे नाही, असे ठरले. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी जागेवर आणून देण्यासाठी एक माणूस नेमला. दिवसातून दोनदा मीठ घातलेले ताक किंवा नाचणीची आंबील देणे सुरू झाले. हे मामांनी सुचवले होते आणि माझ्या मते बाजारातल्या कोणत्याही रंगीत पेयापेक्षा ते उत्तम आहे, कारण घामातून गेलेले मीठ आणि द्रव दोन्ही त्यातून भरून येतात, आणि माणसे ते आवडीने पितात. पत्र्यांवर पांढरा परावर्तक रंग दिला आणि शेडच्या माथ्यावर गरम हवा निघून जाण्यासाठी झडपा बसवल्या. रंगाने छताखालची धग कमी झाल्याचे सर्वांना जाणवले; मात्र लॅडलसमोर उभ्या माणसाला त्याचा उपयोग थोडाच, कारण त्याच्यावर पडणारी उष्णता धातूची असते, छताची नसते. त्याच्यासाठी लॅडलला पत्र्याची ढाल लावली आणि पोअरिंगच्या जागेपासून थोड्या अंतरावर पंखा, ओला टॉवेल आणि बाक असलेला विश्रांतीचा कोपरा केला. ताडपत्री आणि बर्फाची पेटी आता शेडमध्येच असतात.

सर्वांत अवघड बदल हिशेबाचा होता. विश्रांतीची वेळ टनांच्या दरातून कापली जात असेल तर विश्रांतीचा कोपरा रिकामाच राहणार, आणि पहिल्या काही आठवड्यांत तो रिकामाच राहिला. शेवटी एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत पोअरिंगच्या टोळीला टनांऐवजी पाळीचा ठरावीक रोज देण्याचे मालकाने मान्य केले. उत्पादन थोडे घटेल ही भीती होती. त्यासमोर पोअरिंगमधल्या चुकांमुळे नाकारल्या जाणाऱ्या कास्टिंगचे प्रमाण उतरले, असे सुपरवायझरचे म्हणणे आहे. एका हंगामावरून यावर ठाम बोलता येणार नाही.

पहाटेची आणि रात्रीची पाळी टिकेल का, ही माझी खरी काळजी आहे. फौंड्रीच्या खर्चात विजेचा वाटा मोठा असतो, आणि रात्रीचा सवलतीचा दर हे भट्ट्या रात्री चालवण्याचे आजवरचे मोठे कारण होते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत बदल करून सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याचे धोरण आणले. सौर ऊर्जेचा वापर वाढावा हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. परंतु या धोरणामुळे वितळकाम दिवसा, म्हणजे ऐन उन्हाच्या तासांत, ओढले जाते. तापमानवाढ रोखण्याचा एक उपाय अशा रीतीने तापमानवाढ सोसणाऱ्या कामगाराच्या अंगावर येतो. भट्टीत लोखंड दुपारी वितळवावे आणि माणसांनी ओतावे संध्याकाळी, असे करता येत नाही. वितळलेला रस थांबत नाही. हा पेच एकट्या मालकाने सुटणारा नाही. उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांपुरता ओतकाम उद्योगाला पहाटेच्या दराचा वेगळा विचार मिळावा, ही मागणी उद्योजकांच्या संघटनांनी आणि कामगार संघटनांनी एकत्र मांडण्याजोगी आहे. अहमदाबादेने २०१० च्या लाटेनंतर २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला आणि नंतर अनेक शहरांनी तो मार्ग घेतला. कोल्हापूरने आपला आराखडा करताना चाळिसाचा आकडा बाजूला ठेवून दमटपणा आणि कामाची जागा यांपासून सुरुवात करावी, असे या प्रकरणावरून म्हणता येते.

पत्र्याच्या खोल्यांचे काहीही झालेले नाही. त्या ना कारखान्याच्या मालकीच्या, ना ठेकेदाराच्या; घरमालक भाडे घेतो आणि छताला चुना मारण्याचा खर्च कोणी करायचा यावर बोलणी अडली आहेत.

मुलगा दोन महिन्यांनी कामावर परतला. उष्माघातानंतर शरीराची उष्णता सोसण्याची क्षमता काही आठवडे, कधी काही महिने कमी राहते, म्हणून डॉक्टरांनी त्याला त्या वर्षी भट्टीजवळ काम करण्यास मनाई केली आणि मूत्रपिंडाची तपासणी ठरावीक काळाने करत राहण्यास सांगितले. त्याला तपासणी विभागात घेतले आहे. तिथे पोअरिंगचा भत्ता मिळत नाही, आणि ती तफावत कोणी भरून द्यायची याचा निर्णय ठेकेदार आणि कंपनी यांच्यात अजून झालेला नाही.